एमपॉक्स (मंकीपॉक्स): फोडातला सीटी १९, घशातला ३३. नमुने पुन्हा घ्यावेत का?

त्वचारोग_निवासी_पुणे: एकाच रुग्णाचे, एकाच दिवशी घेतलेले स्वॅब. (सीटी म्हणजे पीसीआर, म्हणजे डीएनए वाढवून शोधणाऱ्या चाचणीत, विषाणू दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं; आकडा कमी तितका विषाणू जास्त.) एवढी तफावत चालते? पुढे पाषाणला एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) पाठवायचे आहेत.

विषाणू_लॅब: चालते. एमपॉक्समध्ये सर्वाधिक विषाणू फोडांतच असतो, घशात आणि रक्तात बराच कमी. साधारण ३.३ सीटी म्हणजे दहापट, त्यामुळे इथला फरक दहा हजारपटीहून जास्त. अर्थात स्वॅबवर किती पेशी आल्या त्यावर सीटी हलतो, म्हणून हा आकडा काटेकोर धरू नका.

घासण्यात कुचराई झाली की निकाल फसवा येतो. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा कोरडा स्वॅब घ्या, कापसाचा नको. दोन-तीन फोड जोर देऊन घासा. सुईने फोडू नका, टोचण्याचा धोका आहे. तासाभरात २ ते ८ अंशांत ठेवा. मानवी जनुकाचा कंट्रोल (स्वॅबवर रुग्णाच्या पेशी आल्या का, हे दाखवणारी तपासणी) आला नाही तर तो निगेटिव्ह नव्हे, नमुनाच वाया गेलाय.

त्वचारोग_निवासी_पुणे: खपलीचा सीटी ३५ आला तर घरी सोडावं?

साथरोग_हडपसर: सीटी बघून विलगीकरण उठवू नका. पीसीआर निष्क्रिय विषाणूचा डीएनएही पकडते, आणि खपलीत जिवंत विषाणूही असू शकतो. सगळ्या खपल्या गळून खाली नवी त्वचा यायला हवी. तोवर चादरी झटकायच्या नाहीत, हे घरच्यांना आवर्जून सांगा.