अनुभव धागा: धीर सुटत होता तेव्हा प्रभूने कसं सावरलं?

मंडळी, रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात एक ताई भेटल्या. घरात मोठं आजारपण चालू आहे. म्हणाल्या, "गुडघे टेकते, पण तोंडातून शब्दच फुटत नाही." मी त्यांना माझं सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, नाशिकच्या आपल्या माणसांनाही विचारावं. आधी माझंच लिहिते.

2020च्या जूनमध्ये ह्यांचं एमआयडीसीतलं काम गेलं. घराचा हप्ता डोक्यावर, धाकटी पाचवीत, चर्च बंद. सासूबाई मूळच्या श्रीरामपूरकडच्या, दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला जाणाऱ्या. लिहिता-वाचता येत नाही, पण जपमाळेची सगळी रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, पाठ. रोज सातला त्या माळ धरायच्या आणि मी शेजारी नुसती बसायचे. मरियेची तीच ती प्रार्थना, त्रेपन्न वेळा 'नमो मरिये', ऐकून खरं सांगायचं तर मला राग यायचा. देवाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?

एका मंगळवारी दुःखाची रहस्यं चालू होती. पहिलंच गेथसेमानीचं, अटकेआधी येशू ज्या बागेत प्रार्थना करतो तिथलं. मी सहज बायबल उघडलं, मत्तयचा 26वा अध्याय. प्रभू येशू तिथे घाबरलेला आहे, खिन्न आहे, मित्र झोपलेत. 'हा प्याला टळून जावो' म्हणतो आणि तिसऱ्यांदा जाऊनही पुन्हा तेच शब्द बोलतो. खुद्द त्यालाही नवे शब्द सुचले नाहीत! त्या रात्री सासूबाईंच्या मागून मीही म्हणायला लागले. काम मिळायला पुढे पाच महिने लागले. पण दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत डबे करून देते म्हणून चार घरी सांगून आले. आदल्या दिवसापर्यंत तेवढंही माझ्याच्याने होत नव्हतं.

आता तुम्ही लिहा. लहान असलं तरी चालेल.

निफाडचा बागायतदार
काढणी आठ दिवसांवर, व्यापाऱ्याशी सौदा झालेला, आणि मार्चात गारपीट. वीस मिनिटांत घडांचा चिखल. कुणीतरी धीर द्यायला योहानाचा 15वा अध्याय ऐकवला: मी खरा द्राक्षवेल, पिता फांद्या छाटतो. मी भडकलो. ताई, आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलात खरड (काडी तयार व्हायला), ऑक्टोबरात गोडी (फळासाठी). छाटणाऱ्याला काडीवरचा कुठला डोळा (कोंब फुटायची जागा) राखायचा ते माहीत असतं. गारा काही डोळे बघून पडत नाहीत. फादरांना तसंच तोंडावर बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गारपीट म्हणजे देवाची छाटणी असं मीही म्हणणार नाही. तू पुढचं वाच." पुढे आहे, 'माझ्यामध्ये राहा'. राहा, एवढंच. मग बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) फवारणी घेतली, उधारीवर औषधं आणली आणि एप्रिलात खरड छाटणीला उभा राहिलो. बायकोने पहिल्या वेलाच्या खोडावर बोटाने क्रूस काढला. कर्ज अजून फिटतंय. बाग मात्र उभी आहे.

रात्रपाळी
मी नर्स. एप्रिल 2021, कोविड वॉर्ड. माळ आत नेता येत नव्हती, म्हणून हातमोज्यातल्या दहा बोटांवर मोजायचे. एक आजोबा रात्रभर 'राम राम' म्हणत होते. त्यांचा हात धरून मी मनात 'नमो मरिये' म्हणत बसले. पहाटे ते गेले. हात मी सोडला नव्हता.

जेलरोडची आई
मी हिंदू आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? मुलगी सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती. शेजारच्या मावशी मला बाळ येशूच्या मंदिरात घेऊन गेल्या. हात जोडायचे की क्रूस करायचा, काही माहीत नव्हतं. मेणबत्ती लावली आणि खूप रडले. कुणी काही विचारलं नाही. आता दर फेब्रुवारीच्या यात्रेला आम्ही तिघं जातो.

गोदाकाठ (धागा काढणारी)
ताई, चालेल काय विचारता! ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) तेवढा आमच्यात बाप्तिस्मा झालेले, तयारी केलेले घेतात. बाकी बाकावर जागा सगळ्यांना आहे.

नाव नको
माझा भाऊ गेला तेव्हा मला धीर आला नाही. दोन वर्षं मी मिस्साला गेलो नाही. आई माझ्या वाट्याचीही माळ म्हणत राहिली, मला एका शब्दाने बोलली नाही. मागच्या उपवासकाळात (ईस्टरआधीच्या) क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला, मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. चौथ्या स्थानाला, येशू आईला भेटतो तिथे, बाहेर निघून आलो. पुढच्या शुक्रवारी मात्र चौदाव्या स्थानापर्यंत थांबलो. पापनिवेदनाला अजून गेलेलो नाही.

गोदाकाठ
दादा, आज आमच्याकडे सातच्या माळेत एक दशक (दहा 'नमो मरिये') तुमच्या भावासाठी. सासूबाईंना सांगितलंय. त्या विचारतायत, त्याचं नाव काय होतं?