मदत हवी आहे: सगळ्यांनी एकत्र जेवायचं तर वाढायचं कसं?

आमच्याकडे रात्री सहा माणसं आणि सासऱ्यांना फुलका तव्यावरून थेट ताटातच लागतो, त्यामुळे मी कायम शेवटची, तोवर आमटी गार आणि भेंडीची कढई खरवडायची. परवा सगळं टेबलावर मांडलं, म्हटलं घ्या आपापलं, तर सासूबाई म्हणे हे काय बुफे आहे का, पान नीट वाढायचं असतं, डावीकडे लिंबू चटणी कोशिंबीर, उजवीकडे भाजी आमटी. ते पटतं हो मला, ताट छानच दिसतं! पण फुलके आधी करून डब्यात ठेवले की खालचे दोन वाफेने ओले होतात, कापड घालूनसुद्धा. जाळीचा डबा घेऊ का? तुमच्याकडे कसं करता सांगा ना. नवऱ्याला वाढायला लावलं तर आमटी कोशिंबिरीत गेली.