मदत हवी आहे : माल्टात मैत्रीण महिनाभर राहायला येतेय, तिचे गुडघे दुखरे आणि आमचं घर जिन्याचं

नमस्कार. आम्ही दीड वर्षापासून माल्टात राहतोय. नवरा जहाजदुरुस्तीच्या कामावर आहे, मी व्हॅलेटात एका ऑफिसात सकाळी आठ ते दुपारी चार. अजून वर्षभर तरी मुक्काम आहे. येत्या २५ जानेवारीला माझी मैत्रीण मिरजेहून आमच्याकडे चार आठवडे राहायला येतेय. व्हिसा झाला, विमा झाला, तिकीटही झालं. दिवस जवळ आलेत आणि मला काही गोष्टी सुचेनाशा झाल्यात, म्हणून हा धागा.

तिच्याबद्दल थोडं आधी सांगते, नाहीतर सल्ले सरसकट पर्यटकांना देतात तसे येतील. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. मागच्या वर्षी मार्चमध्ये तिचे यजमान गेले, अगदी अचानक. त्यानंतर ती घराबाहेर फारशी पडलीच नाही. तिचा मुलगा पुण्याला असतो, त्यानेच मला फोन केला, "मावशी, आईला थोडे दिवस तुझ्याकडे ने." तिला हो म्हणायला तीन महिने लागले. ही बाई फिरायला कशी गेली, असं नातेवाईक म्हणतील, ही धास्ती होती. शेवटी तयार झाली आणि एकच अट घातली : मला फिरवत बसू नकोस, रोज समुद्राजवळ तासभर बसता आलं तरी पुष्कळ.

पहिलाच परदेश प्रवास. इंग्रजी वाचते, पण बोलायला बिचकते. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना मात्र एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढते.

आता घर. आम्ही बिर्गूत राहतो. व्हॅलेटाच्या समोर, बंदराच्या पलीकडे जी तीन जुनी गावं आहेत त्यातलं हे एक. १५६५ साली तुर्कांचा वेढा पडला तेव्हा व्हॅलेटा अस्तित्वातच नव्हतं, त्याची पायाभरणी १५६६ ची. वेढा झेलला तो बिर्गूने आणि शेजारच्या सेंगलियाने. इथली जुनी घरं बोळात दाटीवाटीने उभी, रुंदीला एक खोली आणि उंचीला तीन मजले. खाली स्वयंपाकघर आणि लहानशी बैठक, मधे आमची झोपायची खोली, वर पाहुण्यांची खोली आणि गच्ची. मधला जिना दगडी, गोल, अरुंद. खालपासून वरच्या खोलीपर्यंत ३४ पायऱ्या आहेत, मी मोजल्या.

पहिला पेच इथेच आहे. तिचा पलंग खाली बैठकीत टाकावा असं मनात आहे, म्हणजे जिना टळेल. न्हाणीघरही खालीच आहे. पण माल्टाच्या हिवाळ्यात जे राहिलेत त्यांना ठाऊक असेल, इथे थंडीपेक्षा ओल वाईट. बाहेर दुपारी पंधरा-सोळा अंश असतात, ऊन छान पडतं, आणि घरात शिरलं की दगडातून गारवा हाडात जातो. हा पिवळसर चुनखडीचा दगड पाणी पितो. खालच्या बैठकीत डीह्युमिडिफायर लावला तर संध्याकाळपर्यंत त्याची टाकी काठोकाठ भरते. कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलांना दहा दिवसांत हिरवी बुरशी चढली होती. सांधेदुखीच्या माणसाला अशा खोलीत चार आठवडे झोपवायचं का? वरची खोली कोरडी आहे, तिथे दिवसभर ऊन येतं, पण ३४ पायऱ्या. आमची मधली खोली तिला देऊन आम्ही वर जावं हा तिसरा मार्ग. तसं केलं तर १७ पायऱ्या, पण ते तिला पटणार नाही, "तुमची खोली कशाला" म्हणत ती दोन दिवसांत खाली येऊन बसेल. गुडघेदुखीचं माणूस घरात असलेल्यांनी सांगा, दिवसातून दोनदा १७ पायऱ्या बऱ्या की रात्रभर ओलसर हवा?

दुसरी गोष्ट माझ्या मनात जास्त टोचतेय. ती दिवसभर एकटी असणार. गेल्या जूनमध्ये आमच्या वन्सं आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या कचरा ठेवायला म्हणून दारात गेल्या आणि वाऱ्याने दार लागलं. हे दार ओढलं की आपोआप बंद होतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत, फोन आत. मी साडेचारला आले तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या आजींच्या दारात खुर्चीवर वन्सं बसलेल्या, हातात लिंबूसरबताचा पेला, डोळे रडून लाल. तीन तास. आजींना माल्टीज आणि थोडं इंग्रजी येतं, वन्संना मराठी. आजींनी त्यांचा हात धरून ठेवला होता. उरलेले बारा दिवस वन्सं एकट्या बाहेर पडल्या नाहीत, आणि मला ते अजून खातं, कारण दाराचं त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

मैत्रिणीच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. ती घरात कोंडून राहायला नको, आणि रोज संध्याकाळी मी तिला ओढत न्यायलाही नको. तिचं तिला उठून बाहेर पडता यावं, हवं तिथे बसून परत येता यावं. त्यासाठी पहिल्या आठवड्यात मी काय काय करून ठेवू? मला एकूण सहाच दिवस रजा मिळणार आहे. सगळी सुरुवातीला घ्यावी की थोडी राखून ठेवावी?

खाण्याचं बरंच जमवलंय. बोळाच्या तोंडाशी आठवड्यातून तीनदा भाजीची गाडी उभी राहते, नवलकोल, फ्लॉवर, पालेभाज्या, ओला वाटाणा सगळं मिळतं. नळाचं पाणी मात्र बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, त्याचा चहा खारट लागतो, म्हणून चहाला बाटलीचं पाणी. बाहेरचं खाणं जपून. पास्तिझी म्हणजे खारीसारख्या पदरांची गरम पुरी, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा असतो. वाटाण्याची शाकाहारी दिसते, पण पिठात प्राण्याची चरबी असू शकते, विचारून घ्यावं लागतं. चीजमध्येही रेनेटचा, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचा, प्रश्न असतोच. बिजिल्ला मात्र तिला नक्की आवडेल, घेवड्यासारख्या दाण्यांची लसूण घातलेली चटणीच ती, पावासोबत खातात.

एक अवघड गोष्ट आहे. इथे हिवाळ्यात एक भाज्यांचं सूप घरोघरी करतात, नवलकोल, फ्लॉवर, बटाटा, वाटाणा घालून. वरून अंडं आणि चीज घालतात, मी दोन्ही वगळते. अतिशय चवदार होतं आणि तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा करायचं ठरवलं होतं. त्याचं नाव सोप्पा ताल-आर्मला, म्हणजे विधवेचं सूप. ती शिक्षिका आहे, ताटात पडलेल्या प्रत्येक पदार्थाचं नाव आणि नावाचा अर्थ विचारणारच. नाव सांगावं, की नुसतं भाज्यांचं सूप म्हणून वाढावं? मी तिच्याशी आजवर खोटं बोललेली नाही. पण पहिल्याच आठवड्यात तो शब्द ताटाशी यावा असंही वाटत नाही.

भेटीगाठी म्हणाल तर तिला इतिहासात गोडी आहे, त्यामुळे दाखवण्यासारखं खूप आहे. हाल साफ्लिएनीच्या भुयारी समाधीस्थळाची दोन तिकिटं मी ऑक्टोबरातच काढून ठेवलीत, एका वेळी दहाच माणसांना सोडतात. १९०२ साली घरांचं बांधकाम चालू असताना ते सापडलं, पाच हजार वर्षांहून जुनं, खडकात खाली तीन मजले कोरलेलं. तिथल्या पायऱ्या गुडघेदुखीवाल्या कुणी उतरलंय का? हात धरायला कठडा सगळीकडे आहे का? तिथे सापडलेली झोपलेल्या स्त्रीची मातीची मूर्ती व्हॅलेटाच्या संग्रहालयात आहे. जेमतेम बारा सेंटिमीटर, पण उशाशी हात घेऊन कुशीवर अशी निवांत झोपलीय की मी दर वेळी तिच्यासमोर जास्त वेळ थांबते. ती मूर्ती तरी तिला दाखवणारच.

गोझोला, म्हणजे शेजारच्या बेटावर, जायचं आहे, पण दिवसात जाऊन येण्याऐवजी एक रात्र राहावं का? ईशान्येचा वारा सुटला की मधली खाडी खवळते. फेरी पंचवीस मिनिटांचीच असली तरी तिला बोट लागते की नाही हे तिलाही माहीत नाही.

जाणकारांनी, विशेषतः परदेशी घरी वयस्क किंवा दुःखातून जाणारं माणूस महिनाभर राहिलंय अशांनी, कृपया लिहा.

भर, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके मोकळे अनुभव येतील असं वाटलं नव्हतं.

झोपायची जागा ठरली. ज्या ताईंनी स्वतःच्या आईचा अनुभव लिहिला त्यांचं पटलं : पायऱ्या मोजून, सावकाश, दिवसातून दोनदा चढल्या तर चालतं, ओलीत झोपणं टाळा. मधली खोली तिला. आम्ही आताच वर बिऱ्हाड हलवलंय, म्हणजे ती येईल तेव्हा "तुमची खोली" असं काही उरणारच नाही. जिन्याला भिंतीच्या बाजूने जाड दोर बसवून घेतला, जुन्या घरांत तशी रीत आहे. गॅसची शेगडी, ती चाकांवरची, तिच्या खोलीत फक्त संध्याकाळी दोन तास, खिडकी किलकिली ठेवून, आणि झोपण्याआधी बंद. रात्री गरम पाण्याची पिशवी.

एकांनी विचारलं, सामानात काय आणू नको म्हणून सांगितलंस? हे सगळ्यांच्याच कामाचं आहे. युरोपीय संघात बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा नाही. ताजा कढीपत्ताही नाही. नारळ मात्र चालतो. तिने दोन किलो कंदी पेढे घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द करायला लावले तेव्हा तिला फार वाईट वाटलं. त्याऐवजी गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि महाशिवरात्रीसाठी साबुदाणा येतोय. विमानतळावर चाकाची खुर्ची मागायला ती तयार नव्हती, तिच्या मुलाने परस्पर नोंदवली.

रजेबद्दल बहुतेकांनी एकच सांगितलं, सगळी आधी संपवू नकोस. पहिले दोन दिवस, मग १० फेब्रुवारीला सेंट पॉलच्या जहाजफुटीचा सण आहे, त्याची सार्वजनिक सुट्टी असतेच, त्याला जोडून दोन दिवस गोझोत, तिथे एक रात्र मुक्काम. बाकी दोन शेवटी, ती सांगेल तिथे.

आता मुख्य गोष्ट. काल शनिवारी मी तिच्या चालीने, म्हणजे मुद्दाम हळूहळू, घरापासून बोर्मलाच्या (त्या तीन गावांतलं तिसरं) धक्क्यापर्यंत चालून पाहिलं. पाण्याच्या कडेकडेने सपाट रस्ता आहे. मला नेहमी दहा मिनिटं लागतात, तशी चालले तर बावीस लागली. वाटेत बसायला पाच बाकडी आहेत, तिसऱ्यावरून सेंट अँजेलोचा किल्ला पूर्ण दिसतो, सिंधुदुर्गाची आठवण येते. पाऊस पडून गेल्यावर फरसबंदी निसरडी होते, तेव्हा तिला रबरी तळाचे बूट सांगितलेत. धक्क्यावरून छोटी बोट बंदर ओलांडून व्हॅलेटाला सोडते, उतरलं की समोरच उंच लिफ्ट, ५८ मीटरची, थेट वरच्या बराक्का बागेत. एकही जिना नाही. वारा असला आणि बोट बंद असली तर दोन नंबरची बस.

त्या बागेखाली तोफांची रांग आहे, रोज दुपारी बाराला तोफ उडते. माझं ऑफिस तिथून सात मिनिटांवर. तेव्हा पहिल्या आठवड्यात दोनदा मी तिच्यासोबत हाच रस्ता करणार, मग एकदा ती पुढे आणि मी मागे, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिला जमेल त्या दिवशी ती एकटी येईल. तोफेच्या वेळी मी डबा घेऊन बागेत. नाही आली तर नाही आली, मी फोन करून विचारणार नाही, असं तिच्याशी बोलून ठरवलंय. हे ऐकून फोनवर ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बोटीचं तिकीट मागताना काय म्हणायचं ते लिहून ठेव."

ते लिहिलंय. एका जाड कार्डावर देवनागरीत घरचा पत्ता, माझा नंबर, तातडीच्या मदतीचा ११२, आणि दहा माल्टीज शब्द उच्चारासकट. ही भाषा अरबी कुळातली, त्यात इटालियन वळणाचे शब्दही मिसळलेले, त्यामुळे काही शब्द तिला ओळखीचे वाटतील : साखरेला त्सोक्कोर, साबणाला सापून, पुस्तकाला क्तिएब, आपला किताब. बंद लाकडी सज्जाला गल्लारिया, आपली गॅलरीच. कार्डाला गोफ लावून त्यातच दाराची दुसरी किल्ली अडकवलीय, गळ्यात घालता येईल अशी. तिसरी किल्ली समोरच्या आजींकडे दिली. त्यांना मैत्रिणीबद्दल सांगितलं. त्याही एकट्याच आहेत, बारा वर्षं झाली. किल्ली घेतली आणि म्हणाल्या, सकाळी दहाला त्या रोज दारात खुर्ची टाकून बसतात, आता दोन टाकतील.

सुपाचंही त्यांच्याकडूनच कळलं. मी नावाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, विधवेकडे पैसे नसायचे, शेजारणी परसातली एकेक भाजी आणून द्यायच्या, त्या सगळ्यांचं मिळून हे सूप. गावात असंच सांगतात. तेव्हा नाव लपवणार नाही. पहिल्या आठवड्यात करणार नाही, पण नंतर आजींना जेवायला बोलावून करीन, आणि अर्थ त्याच सांगतील.

एवढं झाल्यावर दोन प्रश्न उरलेत. भुयाराच्या पायऱ्यांबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही, कुणी उतरलं असेल तर सांगा, नाहीतर तिचं तिकीट नवऱ्याला देऊन ती वेळ मूर्तीपाशी घालवू. आणि गोझोत मुक्कामाला पायऱ्या नसलेली, तळमजल्यावरची जागा कुणाच्या पाहण्यात आहे का? तिथली जिगांतियाची प्राचीन दगडी मंदिरं तिला बघायची आहेत, त्याच्या जवळपास असेल तर उत्तम.