निरीक्षणवहीत मुली फक्त 'हट्टी', 'हुशार' लिहितात, काय करावं?

प्रश्न (नागपूर): बालशिक्षण पदविकेच्या 24 विद्यार्थिनी लवकरच अंगणवाडीत सरावाला जातील. निरीक्षणवहीत एका शब्दाचे शेरे येतात. सवय कशी बदलावी?

उत्तर: 'हट्टी' हा निष्कर्ष झाला. पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे त्याचा अर्थ. एका वेळी एकच मूल, 10 मिनिटं, वेळ टाकून. असं:

"10:12. चिंचोके वाटीत टाकतोय. सातवर अडला, पुन्हा एकपासून. शेजारच्यानं वाटी ओढली. दोन्ही हातांनी धरून म्हणाला, 'माही वाटी होय!'"

मुलाचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं, 'माही'चं 'माझी' करायचं नाही. त्याची भाषा कुठवर आलीय ते त्यातच कळतं. उजवी बाजू त्याच दिवशी भरावी, दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहिलं की पुन्हा शेरेच उतरतात. (तीन वर्षांखालच्यांना चिंचोके नकोत, घशात अडकतात.)

दुसरं उत्तर: सोबत गोष्ट सांगण्याचाही सराव घ्या. 10-12 मुलं अर्धगोलात, चित्रांचं पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, 6-8 मिनिटं पुरे. नेहमीची चूक म्हणजे प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. मनात पाचपर्यंत मोजायला लावा, गप्प बसणारी मुलं तेव्हाच बोलतात.

2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, तेव्हा दोन दिवस पहिली-दुसरीच्या वर्गातही बसवा.

प्रश्नकर्ती: रेघेची वही सोमवारपासून सुरू करते.