७ नंबरच्या पार्किंगमधलं ऑइल

जोशी काकू (ए-२०३): ७ नंबरपाशी काळं ऑइल सांडलंय. सकाळी नातीची सायकल घसरली तिथे. लागलं नाही हे नशीब. ज्यांचं असेल त्यांनी पुसावं. मी नाव घेत नाही.

कदम (सी-५०२): काकू, नंबर तर घेतलात 😀

बापट सेक्रेटरी: सर्व सभासदांस नम्र विनंती. पार्किंगमध्ये गाडीची कामं करायची नाहीत, हे एजीएममध्ये ठरलं आहे.

साळवी (बी-४०१): ठरलं नव्हतं सर. विषय निघाला आणि वडे आले. रविवारी मी ऑइल बदललं, ते खाली ट्रे ठेवून. ८ नंबरची गाडी पावसाळ्यापासून गळतेय, हे सगळ्यांना माहीत आहे.

काळे काका (ए-३०४): सगळ्यांना म्हणजे कोणाला? माझी गाडी आठवड्यातून एकदा मंडईला जाते. वर्षाला २००० किमी होत नाहीत. गळायला त्यात आहे काय!

कदम: टँकरचे पैसे कोणी कोणी दिले नाहीत ती यादीपण टाका कोणीतरी. विषय गळतीचाच आहे.

बापट सेक्रेटरी: कदमसाहेब, तो वेगळा विषय आहे.

मृणाल (बी-३०२): भांडण राहू दे. रात्री दोन्ही गाड्यांखाली पुठ्ठा सरकवा. साळवींचं ऑइल नवं आहे, थेंब मधासारखा पडेल. काळा पडला तर जुन्या ऑइलचा.

जोशी काकू: पुठ्ठा घाला नाहीतर सतरंजी. डाग कोण पुसणार?

प्रभुणे काका (ए-१०१): दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी आयुष्य काढलं. सांगतो ते ऐका. हल्लीचं हे पाण्यासारखं ऑइल गळणारच. जाड २०डब्ल्यू-५० घाला, गाडी मुकाट चालते.

मृणाल: काका, तुमच्या हाताखालून गेलेली इंजिनं वेगळी. काळे काकांची वॅगनआर २०१९ ची आहे. त्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलचा पंप पातळ ऑइल धरूनच बनवलेत. मॅन्युअलमध्ये पातळ ०डब्ल्यू-२० असेल, तर तेच घालायचं.

प्रभुणे काका: शून्य म्हणजे बर्फातलं. आपण काय लडाखला राहतो?

मृणाल: हे आकडे जाडपणाचे. पहिला थंड इंजिनातल्या ऑइलचा, दुसरा १०० डिग्रीला तापलेल्या ऑइलचा. पुण्यात मे महिन्यातसुद्धा सकाळी इंजिन असतं तीसेक डिग्रीला, म्हणजे त्याच्या मानाने गारच. जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि झीज जास्त होते ती त्याच वेळात. वर ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

प्रभुणे काका: आमच्या गाड्या पाच-पाच लाख किमी चालल्या. जाड ऑइलवर.

साळवी: काका, त्या डिझेल होत्या.

प्रभुणे काका: 🙏

मृणाल: काकांचं एक खरं आहे. खूप चाललेलं इंजिन ऑइल खायला लागलं, तर मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेलं थोडं जाड ऑइल लोक घालतात. पण त्याने गळती थांबत नाही. सील आणि वायसर बघावे लागतात.

कदम: माझ्या बाइकचं अर्धा डबा ४टी ऑइल उरलंय. काळे काका, देऊ का? प्रसाद समजा.

मृणाल: नको! आणि कारचं बाइकमध्ये तर अजिबात नको. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरतो. डब्यावर जासो एमए ही बाइकच्या ऑइलची खूण असेल तेच बाइकला.

जोशी काकू: डागाचं काय झालं?

(दुसऱ्या दिवशी)

साळवी: फोटो टाकलेत. ७ खालचा पुठ्ठा कोरडा. ८ खाली दोन काळे थेंब. मला कोणाला काही म्हणायचं नाही.

काळे काका: म्हणून झालं की मागेच.

मृणाल: काळे काका, गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. शेवटचं कधी बदललंत?

काळे काका: टाळेबंदी उठल्यावर. १०००० किमीला बदला असं शोरूमवाला म्हणाला होता, ते अजून झाले नाहीत.

मृणाल: काका!! १०००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मंडईपर्यंतच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. पाण्याची वाफ आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो. कमी चालणाऱ्या गाडीचे हाल जास्त.

साळवी: गॅरेजला गेलात तर समोर उभे राहा. आमच्याकडून एका ठिकाणी साडेतीन लिटरच्या डब्याचे पैसे घेतले, इंजिनात तीन लिटरसुद्धा मावत नाही. उरलेलं मागितलं तर म्हणे सगळं ओतलं. जास्त ओतलं तर फेस होतो, तेही वाईटच. रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर त्यात भेसळीचा माल भरून पुन्हा विकतात.

बापट सेक्रेटरी: आपण काढलेलं जुनं ऑइल कुठे ठेवलंत?

साळवी: कॅनमध्ये, डक्टमध्ये. वॉचमनला गेटच्या बिजागरीला हवंय.

प्रभुणे काका: चौकटींना वाळवी लागलीय, त्याला लावा. आम्ही जळकं ऑइलच लावायचो.

मृणाल: ते हाताला लागत राहणं चांगलं नाही, आणि गटारात तर मुळीच नको. गॅरेजवाले जमा करतात, तिथे द्या.

बापट सेक्रेटरी: डक्टमध्ये कोणतीही वस्तू ठेवायची नाही, हेही एजीएममध्ये ठरलं आहे.

कदम: हे मात्र वड्यांच्या आधी ठरलं होतं 😂

साळवी: डागावर लाकडाचा भुसा टाकलाय. संध्याकाळी साबणाची पावडर टाकून घासतो. माझा नाही, तरी घासतो. जोशी काकूंसाठी.

काळे काका: पावडरचे पैसे मी देईन. साळवी, ऑइलचा डबा आणायला माझ्याबरोबर येता का?

साळवी: येतो. आधी मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो टाका.

काळे काका: टाकला. ३३ लिहिलंय. ३३ नंबरचं मिळेल ना?

मृणाल: काका, ते टायरच्या हवेचं पान आहे.