बायबलचा तास वेगळा कशाला?
वर एकांनी लिहिलंय की ख्रिस्ती शाळेत सकाळची प्रार्थना अन् बायबलचा एक तास झाला की बाकीचं शिक्षण इतर शाळांसारखंच, मला हे नाही पटत. आपल्या नंदुरबार-नवापूरकडची कितीतरी पोरं घरच्यांबरोबर कापूस वेचतात, वजनकाट्यावर बापाशेजारी उभी राहतात, मग गणितात क्विंटल-किलो शिकवतानाच बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला खऱ्या तागडीचा, खऱ्या वजनांचा विषय का नाही काढायचा? त्याच अध्यायात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायला सांगितलंय, अन् बायबलातली रूथ तर सरवाच, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसंच, वेचत होती, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही! पंडिता रमाबाईंनी केडगावला मुलींना अक्षरांसोबत शेती, विणकाम, छपाईही शिकवली. फक्त इतर धर्माच्या पोरांवर प्रार्थनेची सक्ती अजिबात नको, वजनाचा धडा त्यांनाही चालतो.