डुकरे आणि रॅटलस्नेक : जॉन स्टुअर्ट करी यांच्या चित्रात बाजू कोणाची?

रंगरेषा :
शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात अमेरिकन चित्रकार करी यांचे १९३० चे ‘हॉग्ज किलिंग अ रॅटलस्नेक’ हे तैलचित्र आहे. डुकरांचा कळप सापावर तुटून पडला आहे आणि माणसाचा कोठेही मागमूस नाही. वसाहत विरुद्ध रान असे रूपक त्यात शोधता येईल, हे मला समजते. परंतु चित्रापुढे डुकरांची पाठराखण करवत नाही आणि सापाची कीवही येत नाही. अशा वेळी चित्रकाराचा कल ओळखावा कसा?

माळरान :
रूपकाआधी शेताकडे पाहावे, असे मला वाटते. करी १८९७ मध्ये कॅन्ससमधील डनॅव्हंटजवळ शेतकरी कुटुंबात जन्मले. डुकरे साप मारून खातात, हे तेथील शेतकऱ्यांना नवे नव्हते. जाड कातडी आणि तिच्याखालची चरबी यांमुळे दंशाचे विष शरीरात भिनणे त्यांच्या बाबतीत काहीसे अवघड जाते. त्यामुळे ज्याला आपण झुंज म्हणतो, ते डुकरांच्या लेखी निव्वळ खाणे आहे. ‘कीव येत नाही’ हे आपले वाक्य मला म्हणूनच चित्राला धरून वाटते.

काजळी :
याच्या शेजारी विन्स्लो होमर यांचे १८९३ चे ‘द फॉक्स हंट’ ठेवून पाहा. (नावातील प्राण्याला आपण सवयीने कोल्हा म्हणतो, नेमका शब्द खोकड.) अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्यावरील खोल बर्फात खोकडाचे पाय रुतत आहेत आणि भुकेले कावळे वरून झेपावत आहेत, एरवीचा शिकारी येथे स्वतःच सावज झाला आहे. होमर यांनी आपली नजर जवळजवळ त्या प्राण्याच्या उंचीवर आणली आहे, आणि डाव्या कोपऱ्यातील त्यांची सहीदेखील बर्फात बुडत चालल्यासारखी रंगवलेली आहे. बाजू कोणाची, हे येथे विचारावे लागत नाही. करी यांनी मात्र साप आणि डुकरे यांपैकी कोणालाच असा आसरा दिलेला नाही.

रंगरेषा :
सहीकडे माझे लक्षच गेले नव्हते. पण मग करी यांचा हा अलिप्तपणा कॅन्ससच्या लोकांना रुचला का?

माळरान :
फारसा नाही. शिवाय करी यांनी कॅन्ससची अनेक गाजलेली चित्रे दूर कनेक्टिकटमध्ये राहून रंगवली. पुढे कॅन्ससची राजधानी टोपेका येथील विधानभवनाची भित्तिचित्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा आक्षेप निघाले ते थेट जनावरांवर : डुकराच्या शेपटीचे वेटोळे चुकले आहे, हेरेफर्ड जातीच्या बैलाचा तांबडा रंग तसा नसतो. टीका क्षुल्लक वाटेल, पण रोज जनावरे हाताळणारा माणूस चित्र असेच तपासणार. पुढे, चित्रांना अडसर ठरणाऱ्या संगमरवरी फरशा काढण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा करी यांनी ते काम अपुरे सोडले आणि त्यावर सही केली नाही.